बारकशीच्या भिंतीवरचं नाव

प्रिय अंबिका,

चार महिने झाले तुला अफजलपूरला माहेरी जाऊन. सासूचं पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलायला गेलं की मला रडू फुटतं, म्हणून लिहायला बसले.

आपली बारकस पाडणार आहेत. सोमवारी मशीन येणार, तिथं बसस्टँड होणार म्हणे. निजामाच्या घोडेस्वारांसाठी बांधलेली ती लांबलचक इमारत, भिंतीत घोडे बांधायच्या कड्या अजून तशाच आहेत. पोलीस ॲक्शननंतर फौज गेली आणि तिथं शाळा भरू लागली. मी सातवीपर्यंत तिथंच शिकले, त्याच कड्यांना दप्तर अडकवून. पुढं शाळा हलली आणि भरतीची पोरं मैदानात पळायला जमू लागली. त्यांत माझा बालाजीही होता.

रिवाज तुला ठाऊकच आहे. फौजेत निघालेल्या पोरानं मधल्या खोलीत कोळशानं नाव लिहायचं आणि पेन्शन घेऊन आल्यावर ते आपल्याच हातानं पुसायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तात्याराव हवालदारांनी स्वतःचं नाव पुसलं तेव्हा गावभर पेढे वाटले होते. बालाजी सरहद्दीवर बर्फाखाली गेला आणि त्याचं नाव तसंच राहिलं. नाव आहे तोवर पोराचं काहीतरी शिल्लक आहे, असं मी धरून बसले. तीन वर्षं दर अमावास्येला तुला जळमटं काढायला, नारळ ठेवायला पाठवलं. सव्वीस वर्षांची पोर तू, आणि तुला मीच त्या कडीला बांधून ठेवलं. चुकले गं.

तुझ्या अप्पांनी श्रीहरी मास्तरांचं स्थळ आणलं, तेव्हा मी चारचौघांत तुला म्हणाले, "त्याचं नाव अजून भिंतीवर हाय, आन् तू दुसऱ्याच्या घरी जायलीस?" तू पिशवी भरलीस आणि निघालीस. बस सुटेपर्यंत मी दारात उभी होते. हाक मारावीशी वाटत होती, पण मारली नाही.

काल तात्यारावांना घेऊन बारकशीत गेले. नावाचा फोटो काढून ठेवू म्हटलं. ते म्हणाले, "वैनी, मशीननं पडण्यापरीस तुमीच पुसा. आईचा हात चालतोय." असा रिवाज कधीच नव्हता, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. मी पदर ओला केला. आधी आडनाव पुसलं, मग तुझ्या मामंजींचं नाव, शेवटी त्याचं. शेवटच्या अक्षरापाशी थांबले. तात्याराव पाठ करून उभे राहिले. तिथंच खाली बसून मी पोटभर रडले, मग उठून तेही पुसलं.

अंबिका, भिंतीवर आता काही नाही. श्रीहरी मास्तर अजून थांबलेत आणि तू माझ्यापायी होकार देत नाहीस, असं तुझे अप्पा सांगत होते. होकार दे. हे सांगायलाच लिहिलं. अक्षता टाकायला बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तरी रागावणार नाही. पदराला कोळसा लागलाय, तो धुवायला अजून मन होत नाही. पण तुझ्या मांडवात येईन तेव्हा धुऊनच येईन.

तुझीच,
आत्या