गोलूसाठी कूलर

४ मे, रविवार
रोशनी अकराला आली, साडेपाचला गेली. तिची आई दीप्ती आणि मी वेगळे झाल्यापासून एकही रविवार चुकलेला नाही. दीप्तीच्या घरमालकाला इग्वाना, म्हणजे हातभर लांबीचा हिरवा सरडा, चालत नाही, म्हणून रोशनीचा गोलू माझ्याकडे. आज पाच तास पोरगी त्याच्या पिंजऱ्याजवळ बसून होती. पण येते ती माझ्यासाठी, यात शंका नाही. (शंका नाही असं लिहावं लागलं, याची नोंद घेतली.)

७ मे
पारा ४४. पिंजऱ्यावरचा दिवा बंद केला. नागपूरच्या मे महिन्यात कोणाला दिव्याची ऊब देणं हा छळ आहे. पिंजरा कूलरसमोर ठेवला, खसही नवीन बसवली. मी पंख्याखाली.

१० मे
रोशनी आईबरोबर लग्नाला गावी गेली आहे, उद्याचा रविवार पहिल्यांदाच चुकणार. मला पाहून गोलूने तीनदा मान वरखाली केली. ओळख पटली! मीही केली. नेटवर अर्थ तपासणार होतो. पण चांगल्या गोष्टी कशाला तपासायच्या?

१३ मे
जास्वंदाची फुलं तशीच. शेवग्याचा पालाही तसाच. उन्हाळ्यात आपलीही भूक मरते. शेजारच्या कुसुमताई डोकावल्या. "भाऊ, हा तं पोपटावानी हिरवा होता न! काळा काहून पडून राहिला?" मी म्हटलं, वयात येतोय म्हणून. हे मी कशावरून म्हटलं, ते आठवत नाही.

१७ मे
गोलू डोळे उघडत नाही. उद्या रोशनी येणारच, म्हणून तिला कळवलं नाही. खरं कारण हे नाही.

१८ मे, रविवार
रोशनीने दारातूनच पाहिलं. चप्पलही काढली नाही. तडक ऑटोने डॉक्टरकडे. ते म्हणाले, हा गरम देशातला प्राणी. बाहेरून ऊब मिळाली तरच खाल्लेलं पचतं, गारठला की काळा पडतो. "साहेब, भर मे महिन्यात तुम्ही याले हिवाळा दाखवला." वाचेल म्हणाले. मी मान हलवण्याचंही विचारलं. "ते होय? माझ्या जागेतून निघा म्हणतो तो." रोशनी हसली नाही.

२५ मे, रविवार
आठवडाभर दिवा लावला. गोलू खातोय, हिरवा झालाय. रोशनी त्याला न्यायला आली. तिच्या मैत्रिणीच्या, गुंजनच्या घरी सोय झाली आहे. मी म्हटलं, चूक माझी. म्हणाली, "जाऊ द्या न बाबा, तुम्ही मुद्दाम थोडी केलं." पोहे केले होते, ते खाल्ले तिने. पिंजरा दोघांनी धरून जिना उतरताना मी विचारलं, पुढच्या रविवारी खायला काय करू?

ती पायरीवर थांबली. "पुढच्या रविवारी काहून येऊ, बाबा?"

रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं.