लाठीच्या नावाखाली वाढलेली गाठ

प्रिय दत्ता,

तू गेल्यावर तुझ्याशी भांडायचं नाही, असं ठरवलं होतं. पण काल गिरणी सुटल्यावर तुझा धाकटा भाऊ वसंत मला जिन्याखाली घेऊन गेला नि मान खाली घालून म्हणाला, "शांतादादा, एका अंडात गाठ लागते. दुखत नाही. कोणाला सांगू नको हां." म्हणून लिहायला बसलोय.

तुझंही असंच झालं होतं, आठवतं? मोर्च्यात जांघेत लाठी बसली. सूज उतरली, पण अंडात खड्यासारखं टणक काहीतरी राहिलं. "मुका मार आहे, जिरेल," तू म्हणालास. आणि मी? डिलाईल रोडच्या अख्ख्या चाळीला ओरडून सांगितलं, "आमच्या दत्ताने संयुक्त महाराष्ट्रासाठी एक अंड दिलं!" सगळे खो खो हसले. तूही हसलास. मग कुठल्या तोंडाने डॉक्टरकडे जाणार होतास? जळली मेली माझी जीभ!

सहा महिने तू हळदीचा लेप लावत राहिलास. कंबर धरली तेव्हा कुठे परळच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, "लाठीने हे होत नाही. लाठीमुळे तुमचा हात तिथे गेला, एवढंच." कॅन्सर! पंचविशीच्या पोराला? "हा तरण्या पोरांनाच गाठतो. गुपचूप वाढतो, दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. मग पोटात चढतो, छातीत जातो. लवकर आला असतात तर तेवढं अंड काढून बहुतेक निभावलं असतं."

बहुतेक! तो शब्द अजून टोचतो मला.

पण राग तुझ्यावरही आहे, मेल्या. एका खोलीत उशाला उशी लावून झोपायचो आपण. कंबरेचं विचारलं की "गिरणीत साच्यावर उभं राहून दुखते" म्हणायचास. मला खरं सांगायला काय झालं होतं? पुरुषाने त्या जागेचं बोलू नये, हे कोणी शिकवलं रे आपल्याला?

आता महाराष्ट्र मिळाला, मोर्चे संपले. तरी वसंताने कारण शोधलंच. सायकलचा दांडा लागला म्हणे! मी हसलो नाही.

उद्या खाडा करून त्याला इस्पितळात नेतो. तो लाजला तर मी बोलेन, नाव घेऊन बोलेन. कापायचं म्हणाले तर कापू. पुढचं मला ठाऊक नाही. पण तुझ्या आईला गावी तू गेल्याची एक तार मी केली आहे, दत्ता. माझ्या गप्प बसण्यापायी दुसरी जाणार नाही.

तुझाच,
शांताराम