मैदानाबाहेर काढलेल्या जावयाविषयी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, बेसबॉलची निवृत्त पंच, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण म्हणजे काय हे मला चांगलं कळतं. आज ते नाही. हृदय कमजोर आहे, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला जोडला आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात जावयाचं नाव होतं.

कलम १. माझं राहतं, स्वकष्टार्जित घर माझ्या मुलीला, एकटीला. तिच्या नवऱ्याचा त्यात हक्क, हिस्सा किंवा वहिवाट राहणार नाही. तो कोर्टात जाणार असल्याचा निरोप आला आहे, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

जावई बेसबॉलचा प्रशिक्षक आहे. लग्नाच्या कितीतरी आधीपासून मी त्याला ओळखते. निर्णय पटला नाही की प्रशिक्षक तावातावाने मैदानात येतात. त्यांना बोलू द्यावं. टोपी आपटू द्यावी, माती उडवू द्यावी. निर्णय सोडून पंचावर घसरले की ताकीद द्यावी, एकदाच आणि स्पष्ट. मग पाठ फिरवून चालू लागावं, म्हणजे त्यांनाही मान राखून परतता येतं. तरी मागे आले, तर हात वर करून बाहेर. बहुतेक जण ओरडून मोकळे होतात आणि सामन्यानंतर हात मिळवतात.

हा ओरडत नसे. प्रेक्षकांकडे हसरा चेहरा ठेवून तोंड माझ्या पंचाच्या जाळीदार मुखवट्याला भिडवायचा आणि हळू बोलायचा. एकदा त्याचा फलंदाज मी तिसऱ्या स्ट्राइकवर बाद दिला, तेव्हा म्हणाला, "बाई, तुम्ही गाडी कुठे लावता ते माहीत आहे मला." मी ताकीद न देता त्याला बाहेर काढलं. धमकीला ताकीद नसते. "मी काय बोललो?" असं तो हात पसरून प्रेक्षकांना विचारत राहिला आणि प्रेक्षकांनी माझी हुर्यो उडवली. अहवालात मी शब्द न् शब्द लिहिला. पुरावा नाही म्हणून बेसबॉल मंडळाने त्याला सोडून दिलं.

पुढे मुलीने त्यालाच घरी आणलं. "आई, मैदानावर माणूस वेगळा असतो गं," म्हणाली. मी आडवी आले नाही. त्याच्या संघाचे सामने मात्र घेणं बंद केलं.

गेल्या वर्षी दोघं जेवायला आली होती. बोलता बोलता मुलीने त्याची एक चूक दुरुस्त केली, एवढंच. त्याने हसत तिच्या कानाशी तोंड नेलं. शब्द मला ऐकू आले नाहीत. भाजी वाढता वाढता तिचा हात तसाच थांबला.

"जावईबापू, काय बोललात ते मोठ्याने सांगा."

"नवरा-बायकोचं आहे, आई."

"मग ही ताकीद समजा."

"इथे तुमची पंचगिरी चालत नाही." तो उठला, तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "चल, निघू."

मीही उठून उभी राहिले. "तुम्ही निघा. ती थांबेल."

तो माझ्यासमोर आला, पूर्वीइतकाच जवळ. या वेळी तोंडावर मुखवटा नव्हता. मी मागे सरले नाही.

"आई, राहू दे," मुलगी म्हणाली आणि त्याच्यामागून निघून गेली. मैदानावर बाहेर काढलेला माणूस एकटा जातो. हा माझ्या मुलीला घेऊन गेला.

बरेच दिवस तिचा फोन नव्हता. मग एका दुपारी ती आली, हातात फक्त पर्स. "तू त्याला विचारलंस ना, मोठ्याने सांगा म्हणून? मीही तेच विचारलं," म्हणाली आणि बाही वर केली. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते तपासलं आहे. वेळ आली तर त्या साक्ष देतील. तेव्हापासून मुलगी माझ्याकडे आहे.

कलम २. बँकेतली बचत मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी. ती माझ्याकडे आली त्याच आठवड्यात मुलाने तिला फोन करून "जरा जमवून घे" असा शहाणपणा शिकवला होता. आपला हिस्सा घेण्याआधी त्याने तिच्यासमोर बसावं आणि तिची सगळी हकीकत मध्ये न बोलता ऐकावी.

कलम ३. माझा मुखवटा, छातीचं कवच आणि फलंदाजापुढच्या प्लेटवरची माती झाडायचा ब्रश माझ्या जोडीदार पंचाला. वाद पेटला की बेसजवळच्या आपल्या जागेवरून धावत येऊन तो मध्ये उभा राही. कवच त्याला बसणार नाही, पोट त्याने कमी करावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

कलम ४. हे घर मुलीने कधीही विकू नये.

वरील कलम ४ मी स्वतःच्या हाताने खोडत आहे. मुलीला मसुदा वाचायला दिला होता. तिथपर्यंत आल्यावर ती म्हणाली, "आई, एवढं काढ."

"का गं? तुझ्या हक्काचं घर आहे."

"त्याला पत्ता माहीत आहे."

मी तिथेच पेन उचललं. घर तिने खुशाल विकावं, आणि कुठे जाते ते कुणालाही सांगू नये. पुढे कुठे जायचं ठरवलंय, ते मलासुद्धा तिने सांगितलेलं नाही.

खाडाखोडीवर आणि खाली, दोन्हीकडे माझी सही आहे.

सही: निवृत्त पंच
साक्षीदार: १. उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई २. शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले. आमच्यासमोर लिहिणारीने आणि तिच्यासमोर आम्ही सही केली.
स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: नऊ मार्च