वाया जाणारं मत

बाबा,

आज मतदानाच्या रांगेत मी नवऱ्यावर ओरडले. इथे परदेशात, आमच्या ब्लॅकटाउन उपनगरातल्या शाळेबाहेर, तोंडाला मास्क, बाजूला मतदारांना विकायला सॉसेज भाजल्याचा धूर, आणि हा म्हणतो, "अगं, त्या इंडिपेंडंट उभ्या राहिलेल्या नर्सला कशाला? व्होट वेस्ट होईल. दोन मोठ्या पक्षांपैकी एकाला दे आणि चल." मी म्हटलं, "त्या दोघांनी गेल्या वर्षी काय दिवे लावले आपल्यासाठी?" पुढची बाई वळून बघायला लागली. बघू दे.

गेल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये आमच्या डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही. मी वृद्धाश्रमात कामाला, शिफ्टला जाताना परमिट दाखवायचं. आणि समुद्राकाठची श्रीमंत माणसं टीव्हीवर वाळूत पहुडलेली दिसायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सत्तेतल्यांनी आम्हाला विचारलं नाही, विरोधातले मूग गिळून बसले. दोघांनाही ठाऊक, ही माणसं जाऊन जाऊन जाणार कुठे? इथे तर उमेदवारांना पसंतीचे नंबर द्यायचे असतात. पहिल्या नंबरची उमेदवार मागे पडली तर मत पुढच्या नंबराकडे सरकतं, मरत नाही. हे वीस वर्षं इथे राहिलेल्या माणसाला मी रांगेत समजावत होते. "ती हरेल, माहितीये मला. पण त्यांना घाम तरी फुटेल!"

तुमचंही हेच म्हणणं होतं. टायपिंग क्लास बंद ठेवून तुम्ही नगरपालिकेला अपक्ष उभे राहिलात, चिन्ह कपबशी. दोन पक्ष आळीपाळीने निवडून यायचे आणि आपल्या गल्लीला नळ नव्हता. मी स्वयंपाकघरात तुमच्यावर खेकसले, "मतं खाल, दुसरं काय? हसं होईल आपलं." तुम्ही पोळीचा तुकडा मोडत म्हणालात, "हरायलाच उभा राहतोय गं. त्याशिवाय जिंकणारे घाबरत नाहीत." डिपॉझिट जप्त झालं, गाव हसलं. पण तुम्ही खाल्लेल्या मतांनी त्यांच्यातला एक जण पडला होता, म्हणून पुढच्या निवडणुकीआधी तोच नळ घेऊन आला. नारळ त्याने फोडला. तुम्हाला साधं बोलावणंही नाही, आणि तुम्ही हसत घरी बसलात. त्या हसण्याचासुद्धा मला अजून राग येतो.

आज मी नर्सला पहिला नंबर दिला. नवऱ्याने काय केलं ते विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मला कळलं की सकाळपासून मी त्याच्यावर चिडलेलीच नव्हते. तुम्ही गेलात, आता हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी टाकायचा धीर झाला नसता. तुमच्या निवडणुकीत मी अठराची होते, माझं पहिलं मत. मी मतदान केंद्रातून बाहेर आले तेव्हा तुम्ही रस्त्यापलीकडे इस्त्रीच्या शर्टात उभे होतात, आणि काही न विचारता माझ्या पाठीवर थाप मारलीत. बाबा, मी तुम्हाला मत दिलं नव्हतं.