ग्रंथालयाच्या पायऱ्या

ऑर्मवेल, ससकॅचेवान
१४ नोव्हेंबर १९८७

चि. ओरेस्ट,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. बर्फ भरपूर पडलंय आणि गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरते. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भावाला पोस्टाने पत्र धाडावं लागतंय, कारण तू फोन उचलत नाहीस आणि मी घरी आले की मागच्या दाराने सटकतोस. महापौराला हे शोभत नाही.

काल तुझी मार्था पेरोगी घेऊन आली होती. बटाट्याचं सारण नेहमीप्रमाणे अळणी. जाता जाता म्हणाली, "वन्सं, हे सोमवारी नगरसभेत राजीनामा देणार आहेत. म्हणतात, बहिणीचं ग्रंथालय बंद करून त्या खुर्चीत बसवत नाही."

म्हणून हे पत्र. राजीनामा द्यायचा नाही.

आपल्या गावाचा इतिहास तुला पाठ आहे, तरी आठवण करून देते. शहराचा दर्जा मिळावा म्हणून शिरगणतीच्या दिवशी आपल्या पुढाऱ्यांनी स्टेशनात गाडी रोखून धरली आणि उतारूही मोजून घेतले. विद्यापीठ मागितलं, तुरुंग मिळाला. तर तुरुंगाचंही बँड लावून उद्घाटन केलं. मग कोर्ट आलं, इस्पितळ आलं आणि शेवटी ग्रंथालय. चहूकडे ताटासारखी सपाट जमीन, आणि या शहाण्यांनी ग्रंथालयाला राजवाड्यासारख्या उंच दगडी पायऱ्या बांधल्या. ज्ञानाकडे माणसाने चढून जावं म्हणे! अख्ख्या गावात चढ म्हणून तेवढाच. बाबांना त्याचं कोण कौतुक! युक्रेनहून कॅनडात आल्यावर इंग्रजी अक्षरं ते तिथेच शिकले, आणि मी तर सारी नोकरी तिथेच केली.

ग्रंथालय तिथून हलवायचं की नाही, या सार्वमताआधीच्या सभेत मी तुझी खेचली, हे खरं. "शाळा सुटल्यापासून माझ्या भावाने पुस्तक उघडलेलं कोणी पाहिलंय का?" सगळे खो खो हसले. तू लालबुंद झालास आणि म्हणालास, "माझ्या बहिणीला वाचक नकोत, पायऱ्या हव्यात." तेव्हा कोणी हसलं नाही. तू मान खाली घालून बसलास, तो अजून वर बघायला तयार नाहीस.

मग मतदान झालं आणि तू जिंकलास. निसटता, पण जिंकलास. पुस्तकं आता स्केटिंगच्या रिंकशेजारच्या नव्या, बिनपायऱ्यांच्या बैठ्या इमारतीत जाणार. निकाल लागला त्या संध्याकाळी मी कर्लिंग क्लबात जाऊन बसले. बर्फावर दगड सरकवून झाले की जिंकणारा हरणाऱ्याला पाजतो, आणि आपल्याकडे निवडणुकीलाही तोच रिवाज. सगळं गाव बघत होतं. तू आलाच नाहीस.

बारवाला वॉल्टर म्हणाला, "काय स्टेफीबाई, महापौर कुठे तोंड लपवून बसलेत?"

"जिंकलाय ना तो. लाजतोय."

"मग आज माझ्याकडून घ्या."

"खबरदार! मला हरवणाऱ्याचीच घेईन."

कोट चढवून घरी आले. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ग्रंथालयाचं नव्हे, तुझं.

आता जरा वेगळं. आपल्याला शाळेत शिकवणाऱ्या इर्मा फॉकबाई आठवतात ना? चाकांच्या खुर्चीत आल्यापासून दर शनिवारी त्या पायऱ्यांखाली गाडीत बसून राहतात आणि वरून कोणीतरी दोन-चार पुस्तकं आणून देतं. कधी तक्रार नाही. या उन्हाळ्यात मीच पुस्तकं घेऊन खाली गेले, तर म्हणाल्या, "स्टेफी, कपाटासमोर बसून आपल्या मनाने पुस्तक काढायचं कसं असतं, ते विसरले ग मी." मला तोंड वर करता येईना.

आणि वर परत जाताही येईना. कठडा धरून तशीच उभी राहिले. तेव्हापासून मी मागच्या कोळशाच्या दाराने आत जाते. कोणी विचारलं तर सांगते, बॉयलर बघायला आले. डॉक्टर म्हणतात, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. मार्थाला सांगू नकोस, ती रोज पेरोगी घेऊन येईल.

मग भांडले कशाला, असं विचारशील. बाबांच्या पायऱ्या मुकाट्याने गेल्या असत्या तर मला सहन झालं नसतं. त्यांच्या बाजूने कोणीतरी घसा फोडायला हवा होता. तो मी फोडला, आणि झकास फोडला. पण मतदानाच्या पडद्याआड ना सभा होती, ना टाळ्या. मी होते, इर्माबाई होत्या आणि तुझं ते वाक्य होतं.

तेव्हा सोमवारी खुर्चीत ताठ बसायचं. इर्माबाईंना नव्या दारातून आत न्यायला महापौर लागेल. मी मागून काठी टेकत येईन. आणि आता खाली जे लिहितेय, ते ग्रंथालय समितीत कोणाला कळलं, तर या वयातही तुझा कान उपटीन.

जिने तुलाच मत दिलं, ती
तुझी बहीण
स्टेफानिया