पृथ्वीराज वादात हरला त्याची हकिगत

प्रताप नगर, जयपूर

सौ. शालनला मालनताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? संभाजीरावांचा खोकला थांबला का? माझी तब्येत उत्तम आहे (हे वाक्य पाठच झालंय, म्हणून लिहून टाकते).

इकडची बातमी अशी, की मी तर्क शिकले. आमची प्रणाली वकिलीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते. माणसं वाद घालताना कुठे फसवं बोलतात, हे तिने मला मराठीत समजावलं ("आजी, मतलब, सामनेवाला बात घुमा रहा है"). तेव्हापासून कुणाचंच बोलणं मला धड ऐकवेना. भाजीवाला भैया म्हणाला, सगळे हाच भाव घेतात. मी म्हटलं, सगळे घेतात म्हणून तो योग्य ठरत नाही. आता तो आमच्या दारापुढे हाळीच देत नाही. शेजारच्या शर्माबाई म्हणाल्या, सोमवार धरले आणि मुलाला नोकरी लागली. मी म्हटलं, आधी सोमवार, मग नोकरी, एवढ्यावरून सोमवारांमुळे नोकरी लागली असं ठरत नाही. त्यांनी बागेतल्या बाकावर माझ्याशेजारी बसणं सोडलं (बाक अख्खा मिळतो, पाय लांब करता येतात).

परवा जेवताना मी सहज म्हटलं, "मी आपली कराडच्या घरी जाऊन राहते."

पृथ्वीराजचा घास हातातच राहिला. "एकट्या बाईचं तिथं काही खरं नाही. रत्नमालाकाकू न्हाणीत पडल्या की."

"एक पडली म्हणून सगळ्या पडत नाहीत."

"आज गेलीस की उद्या सणालाही येणार नाहीस. मग आम्हाला विसरशील."

"ही तर घसरगुंडी झाली. एक पाऊल टाकलं की थेट तळाला."

"डॉक्टरसुद्धा नको म्हणाले."

"ते दातांचे डॉक्टर आहेत, पृथ्वी."

प्रणालीने टाळ्या वाजवल्या, सून हसली. मला हुरूप आला आणि मी पुढच्या मुद्द्याची वाट बघत बसले. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "बरोबर आहे आई तुझं. माझ्याकडे कारणच उरलं नाही." आणि मोबाइलवर माझं तिकीट काढलं. पुढच्या महिन्याचं, खालचा बर्थ.

शालन, "तुझ्याशिवाय करमणार नाही" एवढं तो म्हणाला असता, तर मला ते खोडता आलं नसतं.

सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
मालनताई

ता.क. पृथ्वीराजला फोन कर आणि सांग, आमच्याकडे कराडात पाण्याची बोंब आहे, आईला पाठवू नकोस. कारण खोटं असलं तरी चालेल. मी तपासणार नाही.

आणखी एक. तो "जाऊ दे तिला" म्हणाला, तर मला कळवू नकोस. फोन लागला नाही म्हण.