बारावा जोड

४ मार्च, मंगळवार

अकरावाही तुटला! ओढायच्या यंत्रात घातला आणि काटकन दोन ठोकळे वेगळे. नेमके जोडावरच. जणू कधी भेटलेच नव्हते.

सर म्हणाले, "पुढच्या बुधवारपर्यंत एक तरी टिकवून दाखव. नाहीतर भट्टी शेजारच्या विभागाला." माझी भट्टी? देणार नाही म्हणजे नाही!

५ मार्च

मागतेय तरी काय मी? ॲल्युमिनियम, त्याच्या पोटात सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण. वितळवून जोडलं तर कणांची वाट लागते. म्हणून न वितळवता जोडायचं — हवा काढलेल्या भट्टीत तापवायचं, दाबाचा काटा पाचावर येईपर्यंत दाबायचं, आणि एका ठोकळ्याचे अणू दुसऱ्यात शिरेपर्यंत वाट बघायची. बस.

भट्टीवाले काका वीस वर्षं या भट्टीपाशी आहेत. म्हणतात, "मॅडम, दाबाचा काटा खोटं बोलतो. पुढे पळतो." शंभरदा ऐकून झालंय! काट्याला तपासणीचं प्रमाणपत्र आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

७ मार्च

सापडलं!! डबा खाता खाता सापडलं. सकाळी कापलेलं सफरचंद काळं पडलेलं. काका ठोकळे आदल्या संध्याकाळी घासून आरशासारखे करतात आणि डबीत ठेवतात. "उद्याचं काम आज." आणि रात्रभर त्यांच्यावर ऑक्साइडची साय धरते! मधे साय असल्यावर जोड धरेल कसा?

काकांना सगळ्यांसमोर सुनावलं. ते चष्मा पुसत राहिले. जरा जास्तच बोलले मी. पण चूक ती चूक.

१० मार्च

आज स्वतः घासले. लगेच ॲसिटोनच्या बरणीत बुडवले — हवेचा वारासुद्धा लागायला नको. आणि ऐन वेळी सरांचं बोलावणं! काकांना म्हटलं, "तुम्ही भट्टी भरा, मी आलेच."

यायला अर्धा तास लागला. दार बंद, पंप घरघरतोय, काका माझ्याकडे पाठ करून काट्यासमोर उभे. हलायलाच तयार नाहीत. अजून रुसलेत वाटतं.

११ मार्च

टिकला! टिकला! टिकला!

यंत्र ओढतंय, ओढतंय — मी डोळे मिटून घेतले. तुटला तो ठोकळाच, जोडापासून चांगला बोटभर लांब! जोड शाबूत. सूक्ष्मदर्शकाखाली शिवण शोधून शोधून डोळे दुखले. सर खुर्चीतून उठून आले. काकांनी टाळ्या वाजवल्या. भट्टी आमचीच!

अहवाल तासाभरात लिहून दिला. यशाचं कारण: ताजा घासलेला पृष्ठभाग. खाली माझं एकटीचं नाव. आईला फोन केला तर म्हणे, "बरं झालं. आता तरी वेळेवर जेव." मी मात्र हवेत!

१२ मार्च, बुधवार

बरण्या धुवायला घेतल्या. एकीच्या तळाशी माझे दोन ठोकळे. ताजे घासलेले. तसेच.

धावत गेले. "काका, मग भट्टीत गेले कोणते?"

"डबीतले. मी आधी घासून ठेवलेले."

"आणि दाब?"

"तुमचा पाचाचा. काटा पुढे पळतो, म्हणून आठावर नेला."

अहवाल सरांच्या टेबलावरून परत आणला. पहिलं नाव काकांचं घातलं. अंगण खरंच वाकडं होतं.